हार्डांगर फिडल आणि पाठांतराचा गैरसमज

लोकसंगीताविषयीच्या लिखाणात एक विधान वारंवार आढळते आणि मराठीतही ते आता पुष्कळ फिरू लागले आहे. ते थोडक्यात असे: युरोपातल्या खेड्यांतील निरक्षर फिडलवादकांनी शेकडो वर्षांपूर्वीच्या धुना निव्वळ पाठांतराच्या बळावर जशाच्या तशा सांभाळल्या, शिकलेल्या संगीतकारांनी त्यांचे वेळीच स्वरलेखन केले म्हणून त्या वाचल्या, त्या धुनांवर नाचणारे लोक केवळ आनंद घेणारे होते, आणि आता सारे काही ध्वनिमुद्रित झाल्यामुळे स्मरणाचा प्रश्नच उरलेला नाही. हे कौतुकाने लिहिले जाते, याबद्दल मला शंका नाही. पण त्यातला एकही भाग तपासणीला उतरत नाही, आणि ज्या वादकांचा गौरव करायचा त्यांच्या खऱ्या कौशल्याकडेच त्यामुळे डोळेझाक होते. नॉर्वेच्या हार्डांगर फिडलच्या परंपरेवर हे विधान मी तपासतो, कारण त्या परंपरेत वादकांची पत्रे, स्वरलेखन, जुनी ध्वनिमुद्रणे आणि नृत्याचे संशोधन हे सगळे एकमेकांशेजारी ठेवून पाहता येते.

आधी वाद्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. हार्डांगर फिडल दिसायला व्हायोलिनसारखे असते, पण त्याच्या वाजवण्याच्या चार तारांखाली चार किंवा पाच तरफा असतात आणि आपल्या सारंगीच्या तरफांप्रमाणे त्या गजाचा स्पर्श न होताच गुंजतात. घोडी बरीच सपाट असल्यामुळे गज बहुतेक वेळ दोन तारांवर एकदम चालतो. तारा जुळवण्याच्या वीसहून अधिक पद्धती आहेत. जुळणी बदलली की बोटांच्या जागा बदलतात आणि तरफांचा गुंजारवही बदलतो, म्हणून धून कोणत्या जुळणीत बसते हे आठवणे हा ती धून आठवण्याचाच भाग असतो.

‘निरक्षर’ हा शब्द तर लगेच बाजूला ठेवता येतो. तेलेमार्क प्रांतातील टिन येथील वादक क्नूत दाले यांनी 1888 साली संगीतकार एडवर्ड ग्रीग यांना स्वतःहून पत्र लिहिले, आणि 1901 साली पुन्हा लिहिले. आपल्याला येणाऱ्या जुन्या धुना आपल्याबरोबर जाऊ नयेत, अशी त्यांची तळमळ होती. धुना कानाने शिकलेल्या माणसाला लिहिता-वाचता येत नसणार, हे आपले गृहीतक आहे, त्याला पुरावा नाही.

‘जशाच्या तशा’ हा भाग अधिक विचाराने घ्यावा लागेल. या परंपरेतली नाचाची धून सुरुवातीपासून शेवटपर्यंत ठरलेली अशी एक लांब ओळ नसते. ती दोन-दोन आवर्तनांच्या छोट्या तुकड्यांची बनलेली असते. वादक एक तुकडा घेतो, तो पुन्हा वाजवतो, त्यात एखादा अलंकार किंवा गजाचा फटका बदलतो, आणि मग आधीच्याशी नाते असलेल्या पुढच्या तुकड्याकडे जातो. कोणता तुकडा किती वेळा घ्यायचा हे सगळे आधी ठरलेले नसते. ख्याल ऐकणाऱ्या मराठी श्रोत्याला ही कल्पना परकी वाटू नये. दाले यांच्या गुरूंमध्ये तोर्गेर आउगुन्सोन उर्फ म्यूलारगुतेन आणि होवार्द गिबोएन हे होते. म्यूलारगुतेन म्हणजे गिरणीवाल्याचा मुलगा. त्याचा जन्म 1801 चा, आणि 1849 साली व्हायोलिनवादक ऊले बुल यांनी त्याला राजधानीच्या रंगमंचावर आणले. दुसऱ्यांकडून ऐकलेल्या धुना आपल्या पद्धतीने वाढवून वाजवणे, ही त्याची ख्याती होती. ज्याला परंपरेतला सर्वांत मोठा वादक मानतात तोच असे करत असेल, तर ‘काना-मात्रेचाही फरक न करता जतन’ हे त्या परंपरेचे ध्येय होते असे कसे म्हणता येईल?

यावर एक प्रामाणिक आक्षेप येतो, की खुद्द वादकच ‘मी गुरूकडून शिकलो तसेच वाजवतो’ असे सांगतात. ते खरेच तसे सांगतात, आणि त्यात खोटेपणा नसतो. मिल्मन पॅरी आणि आल्बर्ट लॉर्ड या अभ्यासकांना 1930 च्या दशकात युगोस्लाव्हियात हाच अनुभव आला. गुस्ले हे एकतारी गजवाद्य वाजवत वीरगाथा गाणारे गायक आपण गाथा शब्दन्‌शब्द तशीच गातो असे सांगत, पण त्यांच्याच दोन गायनांच्या मुद्रणांत ओळी वेगळ्या निघत. गायकाच्या मते ‘तेच’ म्हणजे तीच गाथा, त्याच घटना आणि तीच गाण्याची रीत. फिडलवादकाचे ‘तसेच’ याच अर्थाने घ्यायला हवे.

मग स्मरण कशाचे असते? तुकड्यांचे, त्यांना जोडणाऱ्या वाटांचे, जुळणीचे, गजाच्या चालीचे. शिवाय कथेचेही असते. फानितुल नावाच्या धुनेची आख्यायिका अशी, की 1724 साली हालिंगदालमधील एका लग्नात मारामारी सुरू असताना एक जण बिअर आणायला तळघरात उतरला, तेव्हा पिंपावर बसून सैतान फिडल वाजवताना त्याला दिसला, आणि तीच धून त्याने लक्षात ठेवली. ही घटना घडली की नाही हा येथे प्रश्न नाही. धुनेला नाव, जागा आणि प्रसंग मिळाला की तिला बोलावून आणायला एक खूण मिळते. फिडल हाताशी नसेल तेव्हा निरर्थक अक्षरांवर धुना गाऊन लोक नाचत, म्हणजे धून तोंडातही राहत होती.

आता स्वरलेखनाचा मुद्दा, ज्यावर मला सर्वांत जास्त बोलायचे आहे. 1901 च्या हिवाळ्यात दाले राजधानीत गेले आणि त्यांनी व्हायोलिनवादक योहान हाल्व्होर्सेन यांच्यासमोर बसून धुना वाजवल्या. हाल्व्होर्सेन यांनी त्यातल्या 17 धुना लिहून काढल्या, ग्रीग यांनी त्या पियानोसाठी बांधल्या आणि 1903 साली दोन्ही रूपे प्रसिद्ध झाली. हे काम मोठे आहे आणि ते कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. पण त्या पानांवर तीन मात्रांचे स्प्रिंगार नृत्य समान तीन मात्रांत लिहिलेले आहे, आणि तेलेमार्कचे स्प्रिंगार तसे नसतेच. त्यात पहिली मात्रा सर्वांत लांब, दुसरी मध्यम आणि तिसरी सर्वांत आखूड असते. नॉर्वेच्याच वाल्द्रेस भागात हाच क्रम बदलतो: तेथे पहिली आखूड, दुसरी लांब, तिसरी मध्यम. गुडघ्यावर हाताने समान एक-दोन-तीन मोजत तेलेमार्कचा वादक ऐकून पाहिला, तर आपला ‘दोन’ त्याच्या आधीच पडतो आणि ‘तीन’ही चुकतो. काही वेळाने हात थांबवून त्याच्या पायाचा ठोका ऐकावा लागतो. वादक वाजवताना पायाने जमिनीवर जो ठोका देत असतो, त्यात ही असमान मात्रा स्पष्ट असते, आणि कागदावर तोच ठोका उतरलेला नाही. भातखंडे पद्धतीने लिहिलेली बंदिश वाचून ख्याल येत नाही, हे आपण जाणतो. तरी परक्या परंपरेविषयी बोलताना कागदालाच मूळ मानण्याची चूक आपण सहज करतो.

याच ठिकाणी ‘नाचणारे केवळ आनंद घेणारे’ हे विधान कोसळते. असमान मात्रा वादकाने मनात आकडे मोजून सांभाळलेली नसते. स्प्रिंगार नाचताना जोडीचे शरीर प्रत्येक पावलाबरोबर खाली जाते आणि वर येते, आणि हे खाली-वर होणे मात्रांच्या लांबीशी बांधलेले असते. ओस्लो विद्यापीठातील मारी रोम्मारहाइम हाउगेन यांनी 2016 च्या प्रबंधात वादक आणि नर्तक यांच्या हालचाली कॅमेऱ्यांनी टिपून मोजल्या. या संगीताची लय ज्या संदर्भावर उभी आहे तो संदर्भ शरीराच्या आवर्ती हालचालीत आहे, अशी त्यांची मांडणी आहे. नृत्य-अभ्यासक एगिल बाक्का यांनी केलेला एक भेदही येथे उपयोगी पडतो: एकदा झालेले नृत्य वेगळे, आणि ते नृत्य करता येण्याचे समाजात वसलेले ज्ञान वेगळे. स्मरण या दुसऱ्यात असते, आणि त्याचा अर्धा भाग वादकाजवळ नसतोच. युनेस्कोने 2019 साली सेतेसदाल खोऱ्याच्या परंपरेची नोंद केली ती वादन, नृत्य आणि गायन यांची एकत्र केली, आणि ते योग्यच झाले.

यातून हेही दिसते, की परंपरेला धोका स्मरणशक्ती क्षीण झाल्यामुळे आला नव्हता. 19व्या शतकातील धार्मिक पुनरुज्जीवनात फिडल हे सैतानाचे वाद्य ठरले, कित्येकांनी आपली वाद्ये जाळली किंवा लपवली, आणि पुढे नव्या नृत्यांबरोबर अकॉर्डियन आले. ज्या धुनेवर कोणी नाचत नाही तिची आठवण कशी राहणार?

राहिला ध्वनिमुद्रणाचा मुद्दा. दाले यांचे वादन 1910 च्या दशकात मेणाच्या नळकांड्यांवर मुद्रित झाले आणि पुढे त्यांचे नातू योहान्नेस दाले यांचेही मुद्रण झाले. ही अमोल संपत्ती आहे. पण नळकांड्यावर जेमतेम काही मिनिटे मावत आणि त्या खोलीत कोणी नाचत नव्हते. नाचाच्या घरात वादक जोड्यांकडे पाहत असतो: त्या दमल्या आहेत, रंगात आल्या आहेत की अजून पाऊल शोधत आहेत, हे बघून तो हातातला तुकडा आणखी एकदा घेतो किंवा पुढच्याकडे वळतो. नळकांड्यावर त्या दिवशी घेतलेली एक वाट ऐकू येते. आणखी कोणत्या वाटा दाले यांना येत होत्या, ते त्यांच्याकडून शिकलेल्यांच्या हातांत आणि त्यांच्यासमोर नाचलेल्यांच्या पायांत शोधावे लागते.