रनवेवरचा धोका: ‘पायलटला धरा, प्रश्न मिटला’ हे खरं नाही

कोल्हापुरातल्या बऱ्याच ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. ‘रनवेवर विमानं आमनेसामने येतात ती धुक्यामुळे, नाहीतर पायलटच्या बेफिकिरीमुळे. मुंबईसारख्या गर्दीच्या विमानतळावरच हे घडतं, उजळाईवाडीच्या आपल्या छोट्या विमानतळाला भीती नाही. पायलटवर गुन्हा दाखल करा, प्रश्न मिटला.’ काळजीपोटी लिहिलं असेलही, पण यातलं एकही वाक्य पुरतं खरं नाही.

आधी धुकं. 2 जानेवारी 2024 च्या रात्री टोकियोच्या हानेडा विमानतळावर धुकं नव्हतं. तरी उतरणारं जपान एअरलाइन्सचं विमान रनवेवर उभ्या असलेल्या तटरक्षक दलाच्या विमानावर आदळलं. मोठ्या विमानातले सगळे 379 जण वाचले, छोट्यातले पाच जण गेले.

आता बेफिकिरी. त्या छोट्या विमानाला टॉवरनं, म्हणजे विमानांना परवानगी देणाऱ्या नियंत्रण कक्षानं सांगितलं होतं, उड्डाणासाठी तुमचा नंबर पहिला, रनवेच्या अलीकडच्या थांब्यापर्यंत या. ते विमानातून बरोबर परत म्हणूनही दाखवलं गेलं. पण भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेल्या कॅप्टनची समजूत झाली की रनवेवर जायची परवानगी मिळाली. विमान तिथे सुमारे 40 सेकंद उभं होतं. टॉवरमधल्या पडद्यावर इशारा उमटत होता, तो कुणाच्या ध्यानात आला नाही. थांब्यावरचे लाल दिवे बंद होते. एवढ्या कड्या निसटल्यावर एकट्या पायलटला धरून काय हाती लागणार?

1977 मध्ये स्पेनच्या तेनेरिफ बेटावर रनवेवरच दोन विमानं धडकून 583 माणसं गेली. परवानगीशिवाय विमान दामटणारा केएलएम या डच कंपनीचा कॅप्टन नवखा नव्हता, इतर पायलटना शिकवणारा होता. पुढे टॉवर आणि पायलट यांच्या बोलण्याची पद्धतच बदलली: ‘टेकऑफ’ हा शब्द उड्डाणाची परवानगी देताना किंवा मागे घेतानाच उच्चारायचा.

लहान विमानतळाला भीती नाही, हा समज मला सगळ्यात घातक वाटतो. रनवेवर नको त्या वेळी आलेली गाडी किंवा माणूस हासुद्धा तितकाच धोका. फेब्रुवारी 2020 मध्ये आपल्या पुण्यातच उड्डाणासाठी धावणाऱ्या विमानापुढे जीप आणि माणूस दिसला. पायलटनं वेळेआधी विमान उचललं, म्हणून निभावलं. लहान ठिकाणीही गवत कापणारे, दिवे दुरुस्त करणारे रनवेलगत असतातच. समांतर टॅक्सीवे, म्हणजे विमानांना ये-जा करायचा रनवेशेजारचा रस्ता नसेल तर विमानाला रनवेवरूनच मागे यावं लागतं आणि रनवे जास्त वेळ अडतो. म्हणून विमानतळावर गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरला थांब्याची खूण डोळे मिटूनही आठवली पाहिजे: दोन सलग, दोन तुटक पिवळ्या रेषा. सलग रेषांच्या बाजूनं टॉवरच्या परवानगीशिवाय पुढे जायचं नाही. आणि विमानतळाच्या भिंतीलगत खरकटं, चिकनचा कचरा टाकू नका. त्यावर कुत्री येतात, पक्षी येतात.

राहिला गुन्हा. मुद्दाम केलं असेल तर जरूर दाखल करा. पण चुकून रेषा ओलांडून लगेच मागे आलेल्या माणसानं ते स्वतःहून सांगायला हवं. त्याला पोलिसांची भीती घातली तर तो गप्प बसेल, आणि रंग उडालेली ती रेषा कुणी रंगवणार नाही.