पास म्हणायला एवढा वेळ?

ब्रिज हा दोन जोड्यांमधला पत्त्यांचा खेळ. सहाच्या वर किती हात करणार आणि कोणत्या हुकुमाने, ते आधी सांगायचं, ती बोली. पहिली बोली आपण लावायची असेल तर काही त्रास नाही. एक्क्याचे चार, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक. बारा-तेरा भरले की तोंड उघडायचं, नाही भरले की मिटायचं, म्हणजे ‘पास’ म्हणायचं. एवढी बेरीज मलाही जमते. घोळ होतो तो विरुद्ध जोडीने आधी तोंड उघडलं की. त्यांच्या लिलावात आपण घुसायचं का? हे अगदी सोसायटीच्या वार्षिक सभेसारखं आहे. गप्प बसलात तर मेंटेनन्स वाढतो, बोललात तर सेक्रेटरी होता.

आमचा अड्डा ठाण्यात, पाचपाखाडीत, अप्पांच्या हॉलमध्ये, शनिवारी संध्याकाळी. अप्पा आणि काकू एकमेकांचे पार्टनर कधीच होत नाहीत. कॅन्सस सिटीत १९२९ साली मर्टल बेनेट नावाच्या बाईच्या नवऱ्याची ब्रिजमधली ‘चार इस्पिक’ची बोली पुरी न होता बुडाली, त्यावरून भांडण पेटलं आणि तिने त्याला गोळ्या घातल्या. १९३१ मध्ये ती निर्दोष सुटलीसुद्धा. ही हकीकत मला काकूंनीच सांगितली, पोह्यांची बशी पुढे करत. तेव्हापासून अप्पांचा पार्टनर मी. काकूंच्या समोर डॉक्टरबाई. त्या दाताच्या डॉक्टर, मानपाड्याहून येतात आणि घोडबंदर रोडच्या कृपेने दर वेळी वेगळ्याच वेळेला पोचतात.

काकू पूर्वी स्पर्धा खेळलेल्या, त्यामुळे घरातही बोलीचे डबे आहेत. तोंडाने बोलायचं नाही, डब्यातून कार्ड काढून टेबलावर ठेवायचं. पासचं हिरवं, डबलचं (म्हणजे ‘तुम्ही बुडणार’ या आव्हानाचं) लाल. हेतू असा की आवाजाच्या चढउतारावरून पार्टनरला काही कळू नये. हाताच्या चढउताराचं काय करायचं, ते मात्र कुणाला सुचलेलं नाही.

परवा माझ्या उजवीकडून काकूंनी ‘एक इस्पिक’ ठेवलं. माझ्या हातात बदामचे राजा, गुलाम, नव्वी आणि दोन किरकोळ पानं. चौकटचा एक्का दोन पानांसकट. किलवरची तीन पडीक पानं. आणि इस्पिकची राणी, सोबतीला एकुलती तिर्री. एकूण दहा गुण. आता इस्पिकची राणी काकूंच्या इस्पिकपुढे काय दिवे लावणार? एक्का-राजा वाजले की ती गेलीच. म्हणजे खरे आठ. एकच्या पातळीवर पाच बरी पानं आणि आठ-नऊ गुण असले तरी खुशाल घुसावं. पण बदाम इस्पिकपेक्षा हलका, म्हणजे मला थेट ‘दोन बदाम’ म्हणावं लागणार. त्यात आम्ही व्हल्नरेबल, म्हणजे बुडण्याचा दंड वाढलेला. बुडालो तर कमी पडलेल्या हातामागे पन्नासऐवजी शंभर, आणि डॉक्टरबाईंनी डबल दिला तर पहिल्याच हाताला दोनशे, दोन हात बुडाले तर एकूण पाचशे.

माझा हात डब्याकडे गेला. ‘दोन बदाम’च्या कार्डाचा कोपरा बोटाला लागला. मग बोट हिरव्या कार्डावर आलं. मग परत.

“मी तलावपाळीला एक फेरी मारून येऊ का?” काकू म्हणाल्या.

“माझ्याकडे माणूस एवढ्या वेळात तोंड उघडतो,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

मी हिरवं कार्ड ठेवलं. आणि इथेच या खेळाचा खरा दुष्टपणा आहे. चटकन केलेला पास हा पास असतो. विचार करून केलेला पास हे निवेदन असतं. ‘माझ्याकडे काहीतरी आहे हो, पण धीर होत नाही,’ असं मी साऱ्या टेबलाला ऐकवलं होतं. ब्रिजच्या कायद्यात सोळावं कलम आहे: पार्टनर रेंगाळला, त्यावरून जे सुचतं त्याचा फायदा घ्यायचा नाही. ते काकूंना तोंडपाठ आहे.

डॉक्टरबाईंनी ‘दोन इस्पिक’ ठेवलं. आता अप्पांची पाळी. अप्पा सज्जन माणूस. माझ्या रेंगाळण्याचा फायदा घेत नाही आहोत ना, याचाच ते विचार करायला लागले. त्यात इतका वेळ गेला की तेही रेंगाळले! शेवटी पास. काकूंचाही पास. चेंडू पुन्हा माझ्याकडे.

एरवी इथे घुसायचं, असं जाणकार सांगतात. ते दोनवर थांबलेत, म्हणजे गुण दोन्हीकडे सारखे वाटले गेलेत आणि पार्टनरकडेही काही आहे. त्यांनी दोन इस्पिक केले तर त्यांना ११० मिळणार. मी ‘तीन बदाम’ म्हणून एका हाताने बुडालो तरी जाणार १००. म्हणजे बुडूनही नफा. फक्त डबल बसला तर २००, आणि मग अप्पांचा चेहरा बघवत नाही. पण आता अप्पाही रेंगाळले होते. त्यांच्याकडे पानं आहेत हे मला नको तितकं स्पष्ट दिसत होतं आणि तेच न दिसल्यासारखं वागायचं होतं. काकू चष्म्यावरून माझ्याकडे बघत होत्या. मी पास ठेवला. या वेळी झटकन.

काकूंनी बरोब्बर आठ हात केले. मग अप्पांनी आपली पानं उताणी केली: दहा गुण आणि एक्क्यासकट चार बदाम.

“जाँ-रने व्हर्न नावाच्या फ्रेंच माणसाने १९६९ मध्ये लिहून ठेवलंय,” अप्पांनी सुरुवात केली. “दोन्ही बाजूंचे हुकूम मोजायचे, साधारण तितकेच एकूण हात होतात. त्यांचे इस्पिक आठ, आपले बदाम नऊ. सतरा. त्यांचे आठ झाले, आपले नऊ झाले असते. तीन बदाम, १४०!”

“सतरा मोजायला तुमचे चार बदाम मला दिसायला नकोत?” मी म्हणालो. निकाल काही का असेना, त्या पानांवर पहिला पास बरोबरच होता आणि मी तो उद्याही करीन.

काकू चहा टाकायला आत गेल्या. अप्पा पत्ते पिसत हळूच म्हणाले, “विचार जरूर करावा. पण तो हिने तोंड उघडायच्या आधी उरकायचा.”

“पण त्या काय बोलणार हे आधी कसं कळणार?”

“चाळीस वर्षं मी तेच करतोय,” अप्पा म्हणाले आणि पानं वाटायला लागले.