साडीच्या दुकानातला पुरुष आणि एक फॉरवर्ड

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला तीन ग्रुपवर आला: भिशीच्या, सोसायटीच्या आणि व्यापाऱ्यांच्या. मजकूर थोडक्यात असा: "भगिनींनो सावधान! नाशिकच्या लेडीज दुकानांत बायकांचे कपडे घालून बघायला पुरुष येऊ लागले आहेत. ते ट्रायल रूममध्ये छुपे कॅमेरे लावतात. हा मानसिक आजार आहे, पाश्चात्त्यांचं फॅड आहे, कायद्याने गुन्हा आहे. दुकानदारांनी अशांना ओळखून हाकलावं. आरशाला नख लावून खात्री करा."

कॉलेज रोडजवळच्या एका गल्लीत मी अठरा वर्षं कुर्ती आणि ड्रेसचं दुकान चालवते. हाकलायचं काम या मेसेजने माझ्यावरच टाकलंय, तेव्हा उत्तरही मीच देते.

"येऊ लागले आहेत" म्हणे. मेन रोडच्या कुठल्याही साडीच्या दुकानात गादीवर जाऊन बसा. समोरचा सेल्समन, बहुधा मिशीवाला, साडीचं टोक पॅन्टच्या पट्ट्यात खोचतो, भराभर चार निऱ्या घालतो, पदर खांद्यावर टाकून आरशाकडे वळतो आणि म्हणतो, "ताई, काठ बघा कसा उठून दिसतोय." त्याच्या खांद्यावरचा पदर बघून आपण सात-आठ हजारांची येवल्याची साडी पसंत करतो. बाजूला सासूबाई बसलेल्या असतात, नणंद बसलेली असते, कुणाला काही वाटत नाही. पलीकडच्या दुकानात आतल्या कपड्यांची मापं पुरुषच सांगतो. ब्लाउजचं माप घेणारे टेलरकाकाही पुरुषच. म्हणजे पुरुषाच्या अंगावरची साडी आपल्याला खुपत नाही, बायकांच्या दुकानातला पुरुषही खुपत नाही. तोच पदर कुणी स्वतःला आवडतो म्हणून खांद्यावर टाकला की मात्र खुपतं. मग तसं सरळ म्हणा. त्यासाठी कॅमेऱ्याची गोष्ट कशाला रचायची?

पण कॅमेऱ्याची भीती खोटी नाही. मलाही दोन मुली आहेत, आणि बाहेर कपडे बदलताना त्या आधी वर बघतात, मग कडी लावतात. म्हणूनच हा मेसेज मला जास्त लागला, कारण तो बायकांना भलतीकडेच बघायला लावतो. 2015च्या एप्रिलमध्ये गोव्यात कांदोळीच्या एका दुकानात तेव्हाच्या केंद्रीय मंत्री स्मृती इराणी यांना ट्रायल रूमकडे तोंड केलेला कॅमेरा दिसला आणि देशभर गाजावाजा झाला. तो कॅमेरा गिऱ्हाइकाने आणून लावलेला नव्हता, दुकानाचाच होता. पोलिसांनी अटक केली ती दुकानातल्या चौघांना. साधा विचार करा. कॅमेरा बसवायला भिंत हाताशी लागते, वायर लागते, दुकान बंद झाल्यावरचा वेळ लागतो. हे सगळं दुकान चालवणाऱ्यांकडे असतं. दहा मिनिटांसाठी घाबरत आत गेलेल्या गिऱ्हाइकाकडे नसतं. राहिला वरच्या फटीतून मोबाइल धरणारा. त्याला बाईचे कपडे घालायची गरजच काय? तो शर्ट-पॅन्टमध्येच येतो, बहुतेकदा कुणाच्या तरी सोबत.

कायदाही कपडे बघत नाही. बाई कपडे बदलत असताना तिला चोरून बघणं किंवा तिचं चित्रण करणं हा 2013 पासून वेगळा गुन्हा आहे. जुन्या कलमात "कोणताही पुरुष" असं होतं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 मध्ये "जो कोणी" असं आहे. पहिल्याच गुन्ह्याला एक ते तीन वर्षं कैद.

नखाच्या चाचणीवर तर अजिबात विसंबू नका. नख आणि प्रतिबिंब यांच्यात फट नसेल तर आरसा दुतर्फी, म्हणजे पलीकडून आरपार दिसणारा, असं ती सांगते. पण फट दिसते की नाही, हे काचेच्या कुठल्या बाजूला मुलामा आहे त्यावर ठरतं. दुतर्फी आरशाचा मुलामा मागच्या बाजूलाही असू शकतो. तसला आरसा चालतो तो पलीकडे अंधार असतो म्हणून. तेव्हा मोबाइलचा टॉर्च काचेला टेकवा, दोन्ही हातांनी आडोसा करून आत बघा. आरसा भिंतीवर टांगलाय की भिंतीत बसवलाय तेही बघा. आणि दुकानदाराला विचारा: दार छतापर्यंत का नाही? कडी ढिली का? पडद्यावर का भागवता? माझ्याकडेही सहा वर्षं पडदाच होता. त्याची मला आज लाज वाटते. दार बसवायला एका दिवसाचं काम लागलं.

आजाराचं थोडक्यात सांगते. पुरुषाने बाईचे कपडे घालणं एवढ्यावरून आजार ठरवणारी नोंद जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या नव्या यादीतून काढून टाकली. ती यादी 2022 पासून लागू आहे. असे कपडे आवडीने घालणारा, म्हणजे क्रॉसड्रेसर, तृतीयपंथीच असतो असंही नाही. त्यात बायको-मुलं असलेले असतात, महिन्यातून एखाद्या संध्याकाळी बंद खोलीत साडी नेसून शांत बसणारे असतात.

"पाश्चात्त्यांचं फॅड" हे नाशिकमध्ये बसून लिहिलंय, याचं मला जास्त वाईट वाटतं. दादासाहेब फाळके आपल्याच त्र्यंबकेश्वरचे. 1913च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाले अण्णा साळुंके, मुंबईच्या एका खाणावळीत काम करणारा तरुण. चार वर्षांनी 'लंका दहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही तेच. ती नाटक-सिनेमातली भूमिका होती, हौस नव्हती, हे मान्य. पण पुरुषाच्या अंगावरची साडी विलायतेहून आली नाही एवढं तरी त्यातून कळतं. कोजागिरीला सप्तशृंग गडावर तृतीयपंथीयांचा छबिना निघतो, तोही कुणी विमानाने आणलेला नाही. विलायतेहून आली ती बंदी. इंग्रजांच्या 1871च्या गुन्हेगार जमाती कायद्यात, नोंद केलेल्या हिजड्याने बाईच्या वेशात किंवा दागिन्यांत रस्त्यावर दिसणं हा दोन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा होता. मुख्यतः उत्तर हिंदुस्थानात तो लागू होता.

आजच्या भारतात पुरुषाने बाईचे कपडे घालणं हा गुन्हा ठरवणारा कायदा नाही. उलट तृतीयपंथीयांच्या हक्कांबद्दलच्या 15 एप्रिल 2014च्या 'नालसा' निकालात सर्वोच्च न्यायालयाने वेशातून आपली लिंगओळख व्यक्त करणं हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला.

व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, "दुकान आपलं, कुणाला घ्यायचं ते आपण ठरवू." दादा, हे वाक्य आपल्या शहरात फार जपून बोलावं. 2 मार्च 1930ला काळाराम मंदिराच्या दारात काय सुरू झालं ते आपण शाळेत शिकलोय. ज्यांनी तो सत्याग्रह केला, त्यांनीच पुढे राज्यघटनेचा मसुदा मांडला. त्यातल्या पंधराव्या कलमात धर्म, जात, लिंग यांवरून कुणाला दुकानात मज्जाव करता येणार नाही असं लिहिलंय. दुकान हा शब्द तिथे आहे. बायकांसाठी वेगळी ट्रायल रूम ठेवायला कुणाचीच हरकत नाही, मी ठेवलीच आहे. माल न विकणं, पाणउतारा करून पायरी उतरवणं ही वेगळी गोष्ट आहे.

आता मेसेजमधलं राहिलेलं वाक्य: "ओळखून हाकलावं." ओळखायचं कसं, तेही सांगते. दिवाळीच्या आधी एक जण दुपारी तीनला आला. त्या वेळेला माझं दुकान रिकामं असतं, ते त्याने दोन-तीनदा समोरून जाऊन हेरलं असावं. अंबडच्या कंपनीचं ओळखपत्र खिशातून अर्धं बाहेर आलेलं. "बहिणीला कुर्ती हवी." साइज विचारला तर गप्प. मी मागे वळून गठ्ठा काढत होते, तेव्हा काउंटरमागच्या आरशात दिसलं, जांभळी कुर्ती त्याने स्वतःच्या खांद्यांना लावली होती. एका हाताने बाहीचं टोक मनगटापर्यंत ताणून बघत होता. मी वळले तशी ती त्याने चटकन खाली ठेवली, घडी चुकीची. कपाळावर घाम आलेला.

मी म्हटलं, "तुमच्याच अंगाची आहे ना बहीण? मग घालूनच बघा. त्या कोपऱ्यातल्या खोलीला आतून कडी आहे."

तो बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "ताई, कुणी आलं तर?"

"आलं तर मी आहे."

आत गेला, वीस मिनिटं आवाज नाही. बाहेर आला तेव्हा अंगात शर्टच होता. छातीत बसली होती, पण मुंड्यात काचत होती, हात वर होत नव्हता. पुरुषांचे खांदे रुंद, बायकांच्या कुर्तीत तिथेच अडतं. मी उलटी करून बघितली, शिलाईत पाऊण इंच कापड दाबलेलं होतं. अर्धा इंच सोडून दिला आणि सांगितलं, पुढच्या वेळी दोन साइज मोठी घ्या आणि कमरेत आत घ्यायला माझ्याकडेच आणा.