ट्रॉलरचा नंबर आम्ही पोहत जाऊन घ्यायचा का?

परवा रात्री माझ्या भावाचं समुद्रात लावलेलं जाळं, आमचं कांडाळ, एका ट्रॉलरने फाडलं. फाडलं म्हणजे मधला अख्खा पट्टाच ओढून नेला. सकाळी जाळं तरंगतं ठेवणारे चार बोये आणि दोरीचा एक गुंताडा तेवढा किनाऱ्याला लागला. ट्रॉलर इतका जवळ होता की इंजिनाची धडधड आम्हाला घरात ऐकू येत होती.

तक्रार घेऊन मत्स्योद्योग खात्याच्या कार्यालयात गेलो. टेबलामागच्या साहेबांचा पहिला प्रश्न, "ट्रॉलरचा नंबर घेतला का?"

काळोखात, वल्ह्याच्या होडीतून? "फोटो आहे?" नाही. "मग आम्ही कारवाई कोणावर करायची?" दोन तास बाकावर बसवून अर्ज ठेवून घेतला, पोचसुद्धा दिली नाही. भाऊ एक शब्द बोलला नाही. फाटलेल्या जाळ्याचा तुकडा पिशवीतून नेला होता, तो तसाच परत घेऊन आला.

अहो, नंबर शोधणं हे तुमचं काम! डिझेलवरच्या व्हॅटचा परतावा देताना त्याच ट्रॉलरचा नंबर तुम्हाला बरोबर सापडतो ना? नोंदणी तुमच्याकडे, परवाना तुमच्याकडे, जेटी तुमची. रात्री कोण बाहेर पडला आणि पहाटे काय घेऊन आला, हे जेटीवर उभं राहिलं तरी कळेल. पण उभं राहायचं कोणी?

किनाऱ्यापासून पाच किलोमीटरच्या आत ट्रॉलरने यायचं नाही, हा गोव्याचा नियम आहे. तो कोणी दान म्हणून दिलेला नाही. सत्तरच्या दशकात मच्छीमारांचे नेते मातान्ही साल्ढाणा यांच्यासोबत रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून रापणीचं मोठं जाळं ओढणारे आमचे लोक, रस्त्यावर उतरले, मार खाल्ला, तेव्हा कुठे 1980 चा सागरी मासेमारी कायदा झाला. एलईडी दिवे लावून मासे पकडायला केंद्राने नोव्हेंबर 2017 मध्ये बंदी घातली. आणि आज? हंगामात आमच्या पेडण्याच्या कुठल्याही किनाऱ्यावर रात्री उभे राहा, समोर दिवाळी दिसते. त्या उजेडाकडे लहान-मोठी सगळी मासळी धावते आणि पर्सिनेटवाला, म्हणजे मोठं गोल जाळं टाकणारा बोटवाला, ती एका घेऱ्यात उचलतो. अजून अंडीही न घातलेले बांगडे त्यात जातात. पहाटे आमचे वीस-पंचवीस जण रापणीचा दोर छातीला लावून ओढतात तेव्हा हाती लागतात जेलीफिश, प्लास्टिकच्या पिशव्या आणि वाटणीला टोपलीभर तारले मासे. वीस घरांत ती टोपली वाटायची कशी, ते त्या साहेबांनी सांगावं.

रापण ओढायला रेती तरी कुठे उरली आहे म्हणा! पर्यटकांचे पलंग उचलायला सांगितलं तर आम्हीच दादागिरी करतो म्हणून बोभाटा होतो.

1 जून ते 31 जुलै ट्रॉलर बंद असतात, ते चांगलंच आहे. पण दोन महिने माशांची वीण राखायची आणि उरलेले दहा महिने पिल्लं उपसू द्यायची, याला व्यवस्थापन म्हणतात?

आम्ही नवीन योजना मागत नाही, नवीन समिती तर नकोच नको. रात्री गस्तीची बोट फिरवा. जेटीवर लागलेल्या बोटीत एलईडी दिवे आणि जनरेटर सापडले की परवाना रद्द करा, डिझेलचा परतावा बंद करा. आणि आमच्या अर्जाची पोच द्या. सोमवारी आम्ही परत येतोय, या वेळी वाड्यावरची सगळी माणसं घेऊन.