वरून आपलं घर कसं दिसते?

ड्रोनच्या खोक्यावर '२४९ ग्रॅम' हा आकडा एवढा ठळक का छापलेला असतो, ते दुकानदार एका वाक्यात सांगून टाकतो. "भाऊ, अडीचशेच्या आतला आहे, याले काहीच लागत नाही." 'काहीच' म्हणताना त्याचा हात असा काही वर जातो, की टेकऑफ दुकानातच झाल्यासारखं वाटतं. खोकं घरी पोचेपर्यंत सगळ्या वाड्याचा प्रश्न तयार असतो: "वरून आपलं घर कसं दिसते?"

दुकानदाराचं वाक्य निम्मं खरं आहे. पूर्ण खोटं असतं तर निदान कुणी विश्वास तरी ठेवला नसता.

खरा भाग आधी. २५ ऑगस्ट २०२१ ला ड्रोन नियम, २०२१ आले. त्यांत २५० ग्रॅमपर्यंतचा तो नॅनो, २ किलोपर्यंतचा मायक्रो, २५ किलोपर्यंतचा स्मॉल. पुढचे दोन प्रकार आपल्या गच्चीवर मावत नाहीत. नॅनोला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही आणि थर्ड पार्टी विमाही लागत नाही. मायक्रोला विमा लागतो, आणि प्रमाणपत्राची सूट फक्त हौसेपुरती. लग्नाचं शूटिंग करून पैसे घेतले की हौस संपली. मग वय १८ ते ६५, दहावी पास, शिवाय डीजीसीएनं, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं, मान्यता दिलेल्या संस्थेत प्रशिक्षण. आपल्या नागपुरात वर्धा रोडच्या लॉनवर नवरदेव दहावी नापास चालतो, त्याच्या डोक्यावरचा ड्रोनवाला चालत नाही.

वजन धरायचं ते उडतानाचं, सगळ्या सामानासकट. इथं मोठी गंमत आहे. घरात लहान मुलं आहेत म्हणून शहाणा माणूस पंख्यांना जाळी लावतो, म्हणजे प्रॉप गार्ड. जाळी लागली की २४९ चे पावणेतीनशे-तीनशे होतात आणि नॅनो बसल्या जागी मायक्रो होतो. जास्त वेळ उडणारी मोठी बॅटरी घातली तरी तेच. थोडक्यात, कुणाचं बोट कापू नये म्हणून काळजी घ्या आणि विम्याच्या कागदांना लागा. किचनमधल्या वजनकाट्यावर ड्रोन बॅटरी, मेमरी कार्ड, लाइट आणि पोरानं चिकटवलेल्या स्टिकरसकट एकदा ठेवून बघा. पोहे मोजून झाल्यावर काटा पुसून घ्या, म्हणजे भलता हिशेब निघणार नाही.

आता खोटा भाग. वजनाची सूट कागदांपुरती आहे. आकाश वजन विचारत नाही, ते फक्त पत्ता विचारतं.

सरकारच्या डिजिटल स्काय पोर्टलवर देशाचा नकाशा आहे आणि त्यात हिरवा, पिवळा, लाल असे तीन रंग भरलेत. हिरव्या पट्ट्यात जमिनीपासून ४०० फुटांपर्यंत, म्हणजे १२० मीटरपर्यंत, कुणाला विचारायचं नाही. पिवळ्यात एटीसीची, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाची, परवानगी घ्यायची. लाल म्हणजे केंद्र सरकार. विमानतळाचा हिशेब त्याच्या कुंपणापासून धरतात: ५ किलोमीटरपर्यंत लाल, ५ ते ८ मध्ये जमिनीपासूनच पिवळा, ८ ते १२ मध्ये २०० फुटांपर्यंत हिरवा आणि त्यावर पिवळा.

हे आकडे दुसऱ्या एखाद्या शहरात ठीक आहेत. आपला विमानतळ सोनेगावला, म्हणजे शहराच्या मांडीवरच. विमानातून उतरून तर्री-पोह्याच्या गाडीवर लवकर पोचता येतं याचा आपल्याला केवढा अभिमान! त्या अभिमानाचं बिल ड्रोनवाल्याच्या नावानं फाटतं. नकाशावर धावपट्टीपाशी कंपासचं टोक ठेवून ५ किलोमीटरचा गोल काढा. सोनेगाव, खामला, प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर, मनीषनगर सगळे आत. आणखी ३ किलोमीटर वाढवा, सीताबर्डी आत. बर्डीचा किल्ला तर लष्कराच्याच ताब्यात आहे. फुटाळ्याला प्री-वेडिंग करायचं म्हणता? तलावाशेजारीच वायुसेनानगर, तिथं वायुदलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय. अंबाझरीकडे वळलात तर आयुध निर्माणी, कामठीला छावणी, वर्धा रोडवर मध्यवर्ती कारागृह. देशाचा मध्यबिंदू म्हणून आपण झीरो माइलचा खांब मिरवतो. ड्रोनवाल्यासाठी झीरोचा अर्थ वेगळा, उडवायची उंची.

परवानगी मागता येते, नाही असं नाही. फक्त अर्जात कारण लिहावं लागतं, आणि 'आमच्या गच्चीवर नवीन पाण्याची टाकी बसवली आहे, ती वरून कशी दिसते ते बघायचं आहे' हे वाक्य सरकारी भाषेत कसंही फिरवलं तरी वजनदार होत नाही.

नकाशा काल हिरवा होता म्हणून आज हिरवाच असेल असंही धरून चालू नका. एसपी किंवा त्यावरच्या दर्जाचा पोलिस अधिकारी एखादा भाग एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल करू शकतो. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन, दसऱ्याला दीक्षाभूमीवरची गर्दी, मधूनच एखादा मोठा दौरा; आपल्या शहराला निमित्तांची कमी नाही. उडवायच्या दिवशी सकाळी नकाशा पुन्हा उघडायचा. नियम मोडल्याचा दंड १ लाख रुपयांपर्यंत जाऊ शकतो, बहुतेक नॅनोंच्या किमतीपेक्षा जास्त. दुबईहून भाच्यानं आणायचं कबूल केलं असेल तर त्यालाही वेळेत फोन करा: ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, सुटे भाग तेवढे चालतात. विमानतळावर भाचा सुटतो, ड्रोन अडकतो.

हे सगळं सांगून झालं, तरी मला माहीत आहे की लोक संध्याकाळी गच्चीवर चढणारच. तर गच्चीवर नेमकं काय बिघडतं तेही ऐका.

पहिली गोष्ट कंपास. ड्रोनला उत्तर दिशा चुंबकीय सेन्सरनं कळते आणि गच्चीच्या स्लॅबमध्ये लोखंडी सळ्यांची जाळी असते. सळ्यांवर ठेवून कॅलिब्रेशन केलं की ड्रोनला दिशाभ्रम होतो. स्क्रीनवर सगळं हिरवं दिसतं, दोन मीटर वर जातो आणि मग घाण्याच्या बैलासारखा गोल फिरू लागतो, प्रत्येक फेरी आधीपेक्षा मोठी. जीपीएस सांगतं 'तू डावीकडे सरकलास', कंपास सांगतो 'डावीकडे म्हणजे तिकडे', आणि दोघांच्या भांडणात तो शेजारच्या टाकीला जाऊन भिडतो. कॅलिब्रेशन उघड्या मैदानात करायचं, खिशातला मोबाइल आणि किल्ल्या दूर ठेवून. ड्रोन आडवा धरून स्वतःभोवती एक गिरकी, मग नाक खाली करून उभा धरून दुसरी. लोक बघतात. बघू द्या.

दुसरी गोष्ट वाळवण. उन्हाळ्यात नागपूरची एकही गच्ची रिकामी नसते; कुरडया, पापड, शेवया आणि एका कोपऱ्यात पसरलेली भिवापुरी मिरची. ड्रोनचे चार पंखे आपलं वजन उचलतात म्हणजे तेवढी हवा खाली ढकलतात. मिरचीशेजारून टेकऑफ घेतला तर पुढची दहा मिनिटं पायलटला स्क्रीन दिसत नाही आणि काकूंना पायलट सोडून दुसरं काही दिसत नाही. मोटरच्या फटीत गेलेली पूड बारीक ब्रशनं काढावी लागते. फुंकर मारू नका, पूड उलटून डोळ्यात येते.

तिसरी, ऊन. बऱ्याच छोट्या ड्रोनच्या पुस्तिकेत चालवायचं तापमान ४० अंशांपर्यंत लिहिलेलं असतं. पुस्तिका लिहिणारा मे महिन्यात सदरला उतरलेला नसावा. ४५ अंशांची हवा २० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ८ टक्के विरळ असते. तेवढं वजन उचलायला पंखे जास्त फिरतात, मोटर तापतात, बॅटरी लवकर बसते. लिथियम बॅटरी बंद गाडीत ठेवली तर पोळीसारखी फुगते, आणि फुगलेली बॅटरी दाबून खोबणीत बसवणाऱ्याला माझा दुरून नमस्कार. उडवायचं सकाळी साडेसहाला. उतरवल्यावर बॅटरी हाताला गार लागेपर्यंत चार्जरला लावायची नाही. आठवडाभर उडवणार नसाल तर पूर्ण भरूनही ठेवायची नाही. एका सेलला ३.८ व्होल्ट, म्हणजे साधारण निम्मी, एवढ्यावर ठेवायची. आणि ३० टक्के उरली की परत फिरायचं. 'अजून एक राउंड' हे शब्द ज्यानं उच्चारले त्याचा ड्रोन कुठंतरी कडुनिंबावर आहे.

संक्रांतीच्या पंधरवड्यात तर खोक्यातून काढूच नका. बंदी असलेला नायलॉन मांजा हवेत असतो तो असतोच. तो कॅमेऱ्यात दिसत नाही, पंख्यात शिरतो, मोटरच्या दांड्याला गुंडाळून गरमीनं वितळून बसतो. चार पंख्यांच्या ड्रोनचा एक थांबला की उरलेले तीन त्याला सावरू शकत नाहीत. भोवरा होऊन खाली येतो. समोरच्या गच्चीवरची पोरं "ओ काऽऽट" म्हणून नाचतात, त्यांच्या दृष्टीनं हा फक्त महाग पतंग. मांजा काढताना पंखा आधी उतरवायचा, चिमट्यानं धागा उलटा सोडवायचा, आणि पंख्याच्या कडेला नखाएवढा टवका दिसला तरी नवा बसवायचा. बसवताना खुणा बघा: दोन पंखे घड्याळाच्या दिशेनं फिरणारे, दोन उलटे. अदलाबदल झाली तर ड्रोन वर न जाता जागेवरच कोलांटी मारतो.

आता ज्यावर सगळ्यांचा देवापेक्षा जास्त भरवसा असतो ते बटण, रिटर्न टू होम. सिग्नल गेला की ड्रोन आपोआप घरी येतो, हे खरं. कसा येतो ते विचारा. आधी ठरवलेल्या उंचीवर जातो, मग नाकासमोर सरळ. ही उंची ३० मीटर ठेवली असेल आणि वाटेत चाळीस मीटरची फ्लॅट स्कीम उभी असेल, तर समोर बघणारे सेन्सर नसलेला ड्रोन दहाव्या मजल्याच्या बाल्कनीत जाऊन धडकतो. मेट्रोच्या पुलाखालून शॉट घेताना सिग्नल गेला, तर तो आधी वर जातो, आणि वर पूल असतो. उपाय साधा: आसपासची सर्वांत उंच इमारत बघा, त्यात २० मीटर मिळवा, उडवण्याआधी ती उंची भरा. पण जिथं कमाल २०० फूट, म्हणजे ६० मीटर, तिथं ही बेरीज बसली नाही तर जागा बदला. शिवाय पुरेसे उपग्रह मिळून 'होम पॉइंट' नोंदला गेल्याशिवाय उडवलं, तर तो घरी जाईल, तुमच्याच जाईल याची हमी नाही.

पडलाच तर काय? क्रिकेटचा चेंडू सुमारे १६० ग्रॅमचा. आपल्या खापरखेड्याच्या उमेश यादवनं तो ताशी १४० किलोमीटरनं टाकला तर त्याची ऊर्जा साधारण १२० जूल. २४९ ग्रॅमचा ड्रोन ६० मीटरवरून सोडला तर कागदावर १४६ जूल निघतात, ९०० ग्रॅमचा असेल तर पाचशेवर. हवा ब्रेक लावते, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा बराच खाली येतो. किती, ते तो आडवा पडतो की उभा यावर. पण हेल्मेट घालून इतवारीत भाजी घ्यायला कुणी जात नाही. म्हणून गर्दीवरून, वरातीवरून, रस्त्यावरून नाही. अपघात झालाच तर ४८ तासांत पोर्टलवर कळवायचा असतो. बहुतेक जण ते तास 'हा माझा नाही' हे सिद्ध करण्यात घालवतात.

खिडक्यांचं एका वाक्यात उरकतो. कुणा बाईचं खासगी चित्रण झालं तर ते भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये बसतं, ड्रोन किती ग्रॅमचा होता हे तिथं कुणी विचारत नाही.

मग हौस फेडायची कुठं? उमरेड रोडनं किंवा कळमेश्वरकडे निघायचं, विमानतळापासून १२ किलोमीटर मागे पडले की थांबायचं, नकाशात हिरवं दिसतंय का बघायचं, जवळून विजेची मोठी तार जात नाही ना ते बघायचं. उडवण्याआधी शेताच्या मालकाला विचारायचं. पऱ्हाटीच्या धुऱ्यावर प्लास्टिकचं स्टूल मांडून त्यावर ड्रोन ठेवला, की पाच मिनिटांत चार माणसं गोळा होतात. इकडे ड्रोनचं कुणाला नवल राहिलेलं नाही, फवारणीचे मोठे ड्रोन सगळ्यांनी पाहिलेत. २४९ ग्रॅमचं ते यंत्र तळहातावर उचलून, उलटंपालटं करून, खालून नोझल शोधत मालक विचारतो:

"टाकी किती लिटरची हाय जी याची?"

टाकी नाही म्हटल्यावर तो ते हळूच स्टुलावर ठेवतो आणि बैलांकडे वळतो.