पुढे मोटार, मागे जावई

एकाच घरातली माणसे एकाच गावाला निघाली आणि त्यांतील पाच मोटारीत व एक मोटारसायकलवर बसला, की तो एक प्रवास राहत नाही. त्याचे दोन प्रवास होतात आणि त्या दोहोंमध्ये परराष्ट्रसंबंध सुरू होतात. मोटारीतल्या मंडळींना ऊन, पाऊस, धूळ आणि खड्डे यांची माहिती काचेतून मिळते, स्वाराला ती अंगावर मिळते. मोटारीत सकाळी साडेनऊलाच भूक लागते, कारण डबा कोणाच्या तरी मांडीवर असतो. स्वाराला तहान लागलेली असते आणि पाण्याची बाटली मोटारीत असते. अशा दोन सत्तांनी एकमेकांशी सतत बोलत राहणे अत्यंत गरजेचे आहे आणि नेमके तेच त्यांना जमत नाही, असे माझे अनेक पावसाळ्यांच्या अनुभवाने पक्के झालेले मत आहे.

या बाबतीत सरकारचे धोरण मला दूरदृष्टीचे वाटते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला मनाई आहे, वांद्रे-वरळी सागरी सेतूवर आहे, समृद्धी महामार्गावर आहे आणि जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूवरही आहे. त्यामुळे असे एखादे कुटुंब मुंबईहून पुण्याला निघाले, तर कळंबोलीला ते कायद्यानेच विभक्त होते; मोटार द्रुतगती मार्गाला लागते, स्वार जुन्या महामार्गाने खोपोलीवरून बोरघाट चढतो आणि पुण्यात पोचेपर्यंत कोणी कोणाकडून काही अपेक्षा ठेवत नाही. आमचे दुर्दैव असे, की माझ्या सासरचे कुलदैवत गुहागरचा व्याडेश्वर आहे, आम्ही पुण्यात राहतो आणि पुण्याहून ताम्हिणीमार्गे गुहागरला जाणाऱ्या रस्त्यावर दोन्ही वाहनांना बरोबरीने चालण्याची पूर्ण मुभा आहे.

मोटारीत सासूबाई, माझी पत्नी, मोटार चालवणारे मेहुणे, वहिनी आणि मेहुण्यांचा दहा वर्षांचा मुलगा असतात. मोटार त्यांच्या मालकीची, देव त्यांचा आणि सामानही त्यांचेच, तेव्हा मोटारसायकल माझ्या वाट्याला येणे ओघानेच आले. मोटारीत कोणताही निर्णय चर्चेशिवाय होत नाही आणि सासूबाई जुन्या वळणाच्या असल्यामुळे जावयाशी थेट बोलत नाहीत. त्यांना काही सांगायचे असेल, तर त्या माझ्या पत्नीला म्हणतात, "अगं, त्यांना विचार, चहा घेणार का?" पत्नी ते भावाला सांगते, भावाचे दोन्ही हात चाकावर असल्यामुळे तो मुलाला सांगतो आणि मूल मला जे सांगते, त्यात चहाचा उल्लेख असेलच याची खात्री देता येत नाही.

यंत्रे येण्यापूर्वी आमचा सगळा व्यवहार हाताच्या खुणांवर चालत असे. मोटारसायकलस्वारांमध्ये या खुणांची एक मान्य पद्धत आहे. तळवा खाली करून हात वरखाली हलवला, की वेग कमी करायचा. हेल्मेटवर थोपटले, की पुढे पोलीस आहेत. पेट्रोलच्या टाकीवर थोपटले, की इंधन भरायला थांबायचे. अनोळखी स्वारांच्या घोळक्यातही ही भाषा बिनबोभाट समजते. मात्र मोटारीच्या मागच्या खिडकीतून पाहणाऱ्यास टाकी आणि पोट यांतला फरक दिसत नाही. पिरंगुटच्या अलीकडे मी मोटारीच्या बरोबरीने येऊन टाकीवर चांगले तीनदा थोपटले, तेव्हा आत गंभीर चर्चा झाली, मोटार कडेला घेतली गेली आणि खिडकीतून ओव्याची डबी बाहेर आली. जावयाच्या पोटात दुखत असताना सासूबाईंनी स्वतःच्या हाताने काढून दिलेला ओवा नाकारणे शक्य नव्हते. मी तो चावत असताना मेहुणे गाडी घेऊन पुढे निघूनही गेले. पुढे घाटात पेट्रोल मिळणार नाही हे मला ठाऊक होते, म्हणून मी एकटाच पंपावर वळलो, आणि मोटारीत त्याचा अर्थ प्रकृती फारच बिघडली असा लावण्यात आला. पौडच्या अलीकडे पोलीस उभे दिसले म्हणून मी हेल्मेटवर थोपटले, तेव्हा कोणती बाटली बाहेर आली असेल, हे वाचकांनी ताडले असेलच. बामाचा वास हेल्मेटमध्ये फार काळ टिकतो.

दिव्याच्या भाषेचे तर याहून अवघड आहे. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन चालू असेपर्यंत पेटलेलाच राहतो, त्यामुळे दिवा लावून लक्ष वेधण्याची सोय संपली; श्रावणातल्या रविवारी ताम्हिणीच्या वाटेवर मेहुण्यांनी आरशात पाहिले, तर त्यांना एकामागून एक पेटलेले दिवेच दिसतात आणि त्यांपैकी कोणता दिवा आपल्या बहिणीचे कुंकू आहे, हे त्यांनी कसे ओळखावे? उरला डिपर. आपल्याकडे समोरून मारलेला डिपर म्हणजे "मी येतोय, तू थांब" आणि मागून मारलेला डिपर म्हणजे "बाजूला हो". "डाव्या बाजूच्या टपरीवर थांबू या" असे डिपरने सांगण्याची सोय आपल्या वाहतूक-संस्कृतीने केलेली नाही. शिवाय मेहुणे स्वाभिमानी आहेत. मागून कोणी डिपर मारला, की ते वेग वाढवतात. मी जितका जीव तोडून थांबण्याची विनंती करावी, तितके ते मुळशीच्या जलाशयाच्या काठाने सुसाट लांब जात राहतात आणि नंतर चहा पिताना अभिमानाने सांगतात, "भाऊजी, एक येडा केवढा मागे लागला होता, पण नाही पुढे जाऊ दिलं त्याला."

मग हेल्मेटमध्ये ब्लूटूथचा संच आला. वाहन चालवताना हातात फोन धरणे हे मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८४ खाली धोकादायक वाहनचालन ठरते, त्यामुळे कानाशी चिकटलेला संच हा कायद्याला धरून असलेला उपाय वाटला. फोन मी सुरुवातीला हँडलवर लावत असे. पण पावसाचे थेंब पडद्यावर पडले, की फोनला ते बोटासारखेच भासतात. मुळशीच्या पुढे धो धो पावसात त्या थेंबांनी एकमताने माझ्या कार्यालयातल्या साहेबांना फोन लावला आणि रविवारी सकाळी साहेबांनी माझ्या सायलेन्सरचा आवाज बराच वेळ ऐकला. त्यातच शक्तिशाली इंजिनांच्या कंपनांमुळे फोनचा कॅमेरा बिघडू शकतो असा इशारा ॲपल कंपनीने २०२१ मध्ये दिल्याचे मेहुण्यांनी मला पाठवले. माझे इंजिन शक्तिशाली आहे असे त्यांनी प्रथमच मान्य केल्याच्या आनंदात मी फोन कायमचा खिशात घातला.

फोनवरचे संभाषण मोटारीतल्या चार-चार ध्वनिवर्धकांतून सगळ्यांना ऐकू जाते, ही कल्पना मला आवडली होती. ताम्हिणीत शिरताना आमचा फोन चालू होता आणि मंडळींचे ज्ञान वाढावे म्हणून मी घाटाची माहिती सांगू लागलो: येथे पाऊस इतका का पडतो, अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीला अडून वर कसे चढतात, वर गेल्यावर थंड कसे होतात, आणि भीऱ्याच्या वीजनिर्मिती केंद्राला मुळशीचे पाणी डोंगराखाली कसे नेले आहे. समोरून कोणी मध्येच तोडत नव्हते, शंका काढत नव्हते. सासरी माझे बोलणे इतक्या शांतपणे ऐकून घेतले गेल्याचे मला आठवत नव्हते, त्यामुळे मी अधिकच खुललो. फोन पहिल्याच वळणावर तुटला होता, हे मला घाट उतरल्यावर समजले. मोटारीतून मात्र तक्रार अशी आली, की घाटात तुम्ही काहीच कळवले नाहीत.

पत्नीने यावर तोडगा म्हणून व्हॉट्सॲपवरून आपले चालते ठिकाण पाठवण्याची पद्धत सुरू केली. ते १५ मिनिटे, १ तास किंवा ८ तास पाठवता येते. तिने आठ तासांचा पर्याय निवडला, आणि त्यावरून मेहुण्यांच्या वेगाविषयी तिचे मत काय आहे ते मला कळले. पण हे ठिकाण चालते राहण्यासाठी नेटवर्क लागते. ते गेले, की माणूस जेथे शेवटचा दिसला तेथेच नकाशावर उभा राहतो. घाटाच्या पलीकडे विळ्याला रस्ता फुटतो: उजवीकडे कोलाडला आणि डावीकडे निजामपूरवरून माणगावला. मी विळ्याला थांबलो, एका झाडाखाली उभा राहून नकाशा पाहिला, तर मोटार अजून ताम्हिणीतच होती. घाटात गर्दी असणार, धबधब्याशी छायाचित्रे काढत असतील, असे समजून मी भिजत वाट पाहिली. वस्तुतः मोटार माझ्यासमोरूनच कोलाडच्या दिशेने निघून गेली होती, कारण त्यांच्या नकाशावर मीही ताम्हिणीतच होतो आणि "त्यांची काळजी नको, ते मागून येतीलच" असा ठराव आत संमत झाला होता. त्यातून गूगल नकाशात २०१७ च्या अखेरीपासून दुचाकीसाठी वेगळा पर्याय आहे. मोटारीला मोटारीचा रस्ता सांगितला जात होता, मला दुचाकीचा; यंत्रानेसुद्धा आम्हाला एक कुटुंब मानलेले नव्हते.

यावरही वॉकी-टॉकी हा अखेरचा उपाय होता आणि तो त्या दिवशी दोन्ही वाहनांत उपलब्ध होता. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातले कमी शक्तीचे संच २०१८ च्या नियमांनुसार परवान्याशिवाय वापरता येतात, ही माहिती काढूनच मी ते विकत घेतले होते. खोक्यावर पल्ला किलोमीटरमध्ये छापलेला असतो, पण तो सपाट मोकळ्या मैदानातला. या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात आणि मध्ये डोंगर आला की थांबतात, आणि पुण्याहून कोकणात उतरताना मध्ये डोंगर येतोच. शिवाय बोलताना बटण दाबून धरावे लागते व ऐकताना सोडावे लागते; डाव्या हातात क्लच, उजव्यात ॲक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेक असताना बटण कशाने दाबावे, याचे उत्तर माहितीपुस्तिकेत नाही. मोटारीतला संच अर्थातच मुलाकडे होता. त्याने बटणावर जो अंगठा ठेवला, तो उचलला नाही. एकाचे बटण दाबलेले असेपर्यंत दुसऱ्याला बोलता येत नाही, हा या यंत्राचा गुणधर्म आहे.

निजामपूरवरून मी माणगावला पोचून नाक्यावर उभा राहिलो, तेव्हा कोलाडकडून माणगावला येणाऱ्या महामार्गावर इंदापूरपासूनच वाहने खोळंबलेली होती, आणि त्या रांगेत मोटार कोठेतरी जवळ आल्याचे मला खिशातल्या वॉकी-टॉकीवरून कळले. आतली संपूर्ण कार्यवाही स्वच्छ ऐकू येऊ लागली. वडा आत्ता खावा की महाडला, यावर वहिनी आणि मेहुणे यांचे मतभेद झाले. मध्येच सासूबाईंचा आवाज आला, "ते मुद्दामच पुढे पळतात गं. आपल्यात बसायला नको असतं त्यांना." मी खुलासा करण्यासाठी बटण दाबून पाहिले, पुन्हा दाबले, पण अंगठा तेथेच होता. "काही सांगू नका त्यांना," मेहुणे म्हणाले, "त्यांना ऐकूच येत नाही."

तेवढ्यात मोटार दिसली. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. काचा बंद, आत गारवा, बाहेर पाऊस. हेल्मेटमध्ये फोन वाजला. काचेपलीकडे हातभर अंतरावर पत्नीचे ओठ हलले आणि किंचित उशिराने तिचा आवाज कानात आला, "अहो, कुठे आहात तुम्ही?" "तुझ्या डावीकडे," मी म्हणालो. "कशाच्या डावीकडे?" तिने विचारले आणि अधिक अचूक माहितीसाठी नकाशा उघडला.

मी काचेवर टकटक केली. सासूबाईंनी मान वळवून पाहिले. नखशिखांत रेनकोट, धुक्याने भरलेले हेल्मेट आणि चिखलाने माखलेले हातमोजे पाहून त्यांनी, सिग्नलला काही विकायला आलेल्या माणसाला करतात तसा, हात हलवला: पुढे जा. सबंध प्रवासात मोटारीकडून मला आलेला हा पहिलाच निःसंदिग्ध संदेश होता आणि तो सासूबाईंनी कोणालाही मध्ये न घालता थेट दिला होता. मी मान लववली, गिअर टाकला आणि महाड येईपर्यंत कोठेही थांबलो नाही.