सीझर हवंय? मग मागू नका

लेकीचं दुसरं बाळंतपण माहेरी, म्हणजे आमच्याकडे इंदूरला. परवा रामबागेतून रिक्षा करून तिला दाखवून आणलं. त्या पुण्याईवर पुढच्या आयांसाठी चार सूचना.

सीझर ही मागायची गोष्ट नाही, मिळायची आहे. डॉक्टर म्हणाले तर गरज, तुम्ही म्हणालात तर थेरं.

मागायचंच असेल तर मुहूर्त घेऊन जा. आमच्या शेजारच्या खुर्चीतल्या सासूबाईंनी पुष्य नक्षत्राची चिठ्ठी पुढे केली, लगेच सकाळी साडेनऊची वेळ मिळाली. आम्ही वेडे, कारण घेऊन गेलो.

भीती वाटते असं तर चुकूनही बोलू नका. लेक बोलली. पहिल्या खेपेला बावीस तास कळा, शेवटी चिमटा, मग टाके. महिनाभर बाळाला पाजायलासुद्धा एका कुशीवर टेकून बसायची. अजून रात्री दचकून उठते. मॅडमनी फाईलमधून मान वर काढली नाही. "आजकल की लड़कियों को दर्द सहना ही नहीं है। मम्मी से पूछो।" मम्मी समोरच बसली होती. मला कुणी काही विचारलं नाही. मग जोखमीची यादी आली: रक्तस्राव, जंतुसंसर्ग, पुढच्या वेळी वार जुन्या व्रणाला चिकटण्याचा धोका. खोटं त्यात काहीच नाही. पण नक्षत्रवाल्यांना ती यादी का नाही वाचून दाखवली? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, २०१९-२१: खासगी दवाखान्यांत ४७.४ टक्के बाळंतपणं सीझरनं, सरकारीत १४.३. खासगीतल्या जवळजवळ निम्म्या बायकांना सहनशक्ती नव्हती म्हणायची!

वाचून आलोय असं सांगू नका.

वाचलं होतं हो. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेनं २०११ सालीच सांगितलंय, की आधी नीट बोला, भीतीसाठी मदत द्या, आणि तरीही बाई ठाम असेल तर तिला सीझर द्या. आधी बोला! पाठीतलं इंजेक्शन मिळेल का, रात्री दोनला भूल देणारे डॉक्टर येतील का, एवढं सांगितलं असतंत तरी पोरगी कदाचित नॉर्मलला तयार झाली असती. नाही म्हणायचंय? म्हणा, कारण देऊन म्हणा. पण हसता कशाला? पोटुशी पोर तुमच्यापुढे रडत होती, मॅडम, आणि तुम्ही पुढच्या नंबरची घंटी वाजवलीत. आठशे रुपये घेऊन.